अठ्ठावीसच्या लेन्समधलं अस्वल

माझे बाबा कापडाचे व्यापारी. वर्ध्याच्या बाजारात खाली दुकान आणि वर आमचं घर. पन्नाशीपर्यंत त्यांना ना पानाचा नाद होता, ना पत्त्यांचा. मग एकदा ते नागपूरला माल आणायला गेले आणि येताना कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर एक वापरलेला रशियन कॅमेरा घेऊन आले. आईनं तो हातात घेऊन वजन पाहिलं आणि विचारलं, "हे काऊन आणलं?"

"पाहाले," बाबा म्हणाले.

"डोळे आहेत ना पाहाले."

बाबा हसले आणि जेवायला बसले. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आईबाबांना मी एकटीच, आणि मी अतिशय भित्री होते. पालीला भ्यायचे, मोकाट बैलाला भ्यायचे, विहिरीत वाकून पाहायला भ्यायचे. जिन्यातला दिवा गेला की खालच्या पायरीवर उभी राहून आईला हाका मारायचे. बाबा याच्या अगदी उलट. एकदा दुकानाच्या मागच्या खोलीत साप निघाला. नोकर बाकावर चढले. बाबांनी कापड मोजायच्या लोखंडी गजावर तो साप उचलला, नालीपलीकडे सोडून आले आणि त्याच गजानं गिऱ्हाइकाला कापड मोजून दिलं. माझी भीती त्यांना समजत नसे, पण त्यांनी तिची चेष्टा कधी केली नाही. कॅमेऱ्याची पिशवी धरायला ते मला बरोबर नेऊ लागले, ते बहुधा त्यासाठीच. "चार जागी हिंडली का भेव जाईन तिचं," असं त्यांनी आईला सांगितलेलं मी ऐकलं होतं.

वर्षभरात तीन लेन्स जमल्या. कॅमेऱ्याबरोबर आलेली पन्नास मिलिमीटरची, मग एक बुटकी, रुंद तोंडाची अठ्ठावीसची, आणि शेवटी हातभर लांब वाटणारी दोनशेची. आट्यांच्या लेन्स होत्या, बाटलीच्या झाकणासारख्या फिरवून काढायच्या आणि फिरवून बसवायच्या. रविवारी दुकान बंद असलं की बाबा मला गच्चीवर नेत आणि एकाच जागी उभं करून तिन्ही लेन्समधून एकच रस्ता दाखवत.

पन्नासमधून रस्ता रोजच्यासारखा दिसे. अठ्ठावीस लावली की समोरचं भांड्यांचं दुकान एकदम पलीकडे सरके, जणू कोणी रात्रीतून रस्ता रुंद केलाय. आमच्या गच्चीचा कठडा दोन्ही बाजूंना पसरायचा आणि खालची माणसं मुंग्यांएवढी व्हायची. दोनशे लावली की कापसाच्या जिनिंग कारखान्याची धुराची चिमणी येऊन देवळाच्या कळसाला टेकायची. मध्ये अर्धं गाव होतं, ते कुठं गेलं कळायचं नाही.

"चिमणी काई जवळ आली नाई," बाबा सांगत. "दोन्ही आपल्या आपल्या जागीच आहेत. लेन्सनं मधली जागा खाऊन टाकली."

मला दोनशेची भीती वाटू लागली, त्यालाही एक कारण झालं. एका सकाळी मी ती डोळ्याला लावून गच्च्या पाहत होते आणि एकाएकी एक म्हातारा दिसला. तोंडात कडुनिंबाची काडी, आणि थेट माझ्या डोळ्यांत पाहतोय. त्याच्या पापण्या दिसत होत्या. मी किंचाळून कठड्याखाली बसले.

"काय झालं व?" बाबा धावत आले.

"तो माह्याकडे पाहून राह्यला."

बाबांनी कॅमेरा घेऊन पाहिलं. "अवं, तो पार सोनार ओळीत आहे. त्याले तू दिसतच नाई. दात घासून राह्यला तो आपले."

कॅमेरा खाली केल्यावर तो म्हातारा मला सापडलाही नाही. पण ते मनातून जाईना. एखादं जिवंत माणूस इतकं जवळ येतं आणि त्याचं त्यालाच ठाऊक नसतं, हे मला काही बरं वाटलं नाही.

त्याच दिवशी बाबांनी मला फोकसचं कडं नीट फिरवायला शिकवलं. कळस साफ केला की चिमणी धुरकट व्हायची. चिमणी साफ केली की कळस विरघळायचा. "हे ध्यानात ठेवजो," ते म्हणाले. "दोनशेमधून दोन गोष्टी एकमेकीले चिकटलेल्या दिसल्या, तं घाई करू नको. कडं फिरवून पाह्य. दोन्ही एकाच वेळी साफ झाल्या, तं त्या खरंच जवळ जवळ आहेत. एकच साफ झाली, तं लेन्स तुले बनवून राह्यली."

अठ्ठावीसची लेन्स मात्र त्यांच्या फार लाडकी होती. ती घेऊन ते अगदी जवळ जात. आमच्या मोठ्या आत्याचा फोटो त्यांनी असाच हातभर अंतरावरून काढला. फोटोत आत्याचं नाक आधी आणि आत्या नंतर आली. "मी अशी दिसतो काय रे?" म्हणून ती दिवसभर पदर लावून बसली. बाबा तिला समजावत राहिले की या लेन्सनं लांबून काढलं तर काहीच दिसत नाही, सगळं बारीक होऊन जातं, म्हणून जवळच जावं लागतं. आत्याचं समाधान काही झालं नाही.

पुढे बाबांनी दुसरा कॅमेरा घेतला आणि जुना माझ्या गळ्यात आला.

बोर धरणाच्या पलीकडे, जंगलाला लागून एक खेडं आहे. तिथला एक शेतकरी घरच्या लग्नांचं कापड आमच्याकडून नेत असे. दुकानाच्या भिंतीवर बाबांनी लावलेले फोटो पाहून तो एकदा म्हणाला, "शेटजी, चैतात या आमच्याकडे. मोहाची फुलं पडतात. पहाटेच बाया वेचाले जातात. असा फोटो तुमाले वर्ध्यात नाई भेटनार." बाबांच्या डोक्यात ते बसलं. चैत्र लागल्याबरोबर त्यांनी दुकान नोकरावर सोपवलं. आई म्हणाली, "तुमाले जायचं तं जा, पोरीले काऊन नेता जंगलात?" मला तेच म्हणायचं होतं. पण बाबांनी दोनशेची लेन्स माझ्या जुन्या कॅमेऱ्याला लावून ठेवली होती, नवं रीळ भरून दिलं होतं, आणि माझ्या तोंडून "मी येत नाई" निघालं नाही.

एसटीनं हिंगणीला उतरलो आणि तिथून त्या शेतकऱ्याच्या बैलगाडीतून गावात पोचलो, तेव्हा दिवस कलत होता. त्याच्या बायकोनं पिठलं-भाकर वाढली. जेवताना मी तिला विचारलं, "जंगलात काई आहे का?"

"आहे ना सगळंच. पण मोहाच्या दिवसात अस्वलाचंच पाहावं लागते. त्याले मोहं लई आवडते. पहाटेच झाडाखाली येऊन बसते."

मी भाकर खाली ठेवली.

"मग तुमी जाता कशा?"

"बोलत जातो. वेचतानीही तोंड बंद नसते आमचं. माणसाचा गलका असला का ते येत नाई. भेऊ नका."

बाबांनी हे ऐकलं की नाही कोण जाणे. ते कंदिलाजवळ बसून अठ्ठावीसच्या काचेवरची धूळ पुसत होते.

पहाटे झुंजूमुंजू होत असताना आम्ही निघालो. पुढे पाच-सहा बाया, डोक्यावर रिकाम्या टोपल्या, त्यांच्यात एक म्हातारी काठी घेऊन. मागे तो शेतकरी, बाबा आणि मी. बाया खरंच सारख्या बोलत होत्या. कोणाच्या सुनेबद्दल, कोणाच्या म्हशीबद्दल, मोठमोठ्यानं. त्या आवाजाच्या मागे मागे चालताना मला जरा धीर वाटत होता. हवेत मोहाचा गोड, आंबूस वास होता. वाटेत शेतकऱ्याचा बैल सुटल्याचं कोणीतरी सांगत आलं आणि शेतकरी गावाकडे परत फिरला.

गावापासून थोड्या अंतरावर एक कोरडा नाला लागला. नाल्यापलीकडे मोहाची झाडं. झाडांखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ केलेली होती, म्हणजे पडलेली फुलं दिसतात. त्या काळ्या जमिनीवर फुलं पिवळसर मोत्यांसारखी पडली होती आणि मध्ये मध्ये जळकी खोडं उभी होती. बाबा थांबले.

"तू इथीच दरडीवर राह्य," ते म्हणाले. "दोनशेनं इथूनच चांगलं येईन. मी पलीकडून जवळून घेतो."

"बाबा, मी एकटी?"

"अवं, हाकेवर तं आहे मी. दिसून राह्यलो का नाई सगळेच?"

ते बायांबरोबर नाला उतरून पलीकडे चढले. बाया पांगून वाकल्या आणि वेचू लागल्या, पण कॅमेरा पाहून त्या सारख्या मान वर करत, पदर तोंडाला लावून हसत. बाबांचा आवाज मला ऐकू आला. "माह्याकडे पाहू नका. हसू नका, बोलू नका. आपलं काम करत राह्या."

आणि बाया चूप झाल्या.

 काल रात्रीचं बोलणं मला तिथल्या तिथे आठवलं. मी चारी बाजूंना पाहिलं. माझ्या मागे झुडपं होती. एक पान जरी हललं तरी मी वळत होते. शेवटी भीती घालवायला मी कॅमेरा डोळ्याला लावला, कारण त्यातून निदान बाबा जवळ दिसले असते.

बाबांची पाठ दिसली. शर्टावर घामाचा डाग. ते गुडघ्यात वाकून त्या म्हातारीच्या दिशेनं हळूहळू पुढं सरकत होते. म्हातारीपलीकडे मोहाचं जुनं झाड, आणि झाडाच्या बुंध्याशी एक जळकं खोड.

ते खोड हललं.

आधी मला वाटलं माझाच हात हलला. दोनशेच्या लेन्समध्ये हाताचा थरकापसुद्धा भूकंपासारखा दिसतो. मी कोपर पोटाशी दाबलं, श्वास धरला. खोड पुन्हा हललं. त्याला पाठ होती, आणि पाठीवर आणखी एक लहानसं काळं काहीतरी होतं. पिल्लू होतं. अस्वल मान खाली घालून फुलं खात होतं आणि माझ्या कॅमेऱ्याच्या चौकटीत ते बाबांच्या डोक्याला अगदी टेकलेलं होतं.

मी कॅमेरा खाली केला. पाहते तर सगळं दूर. बाबा बोटाएवढे, बाया रंगीत ठिपके, आणि झाडांच्या सावलीत काळ्या जमिनीवर अस्वल कुठं आहे ते काही केल्या दिसेना. पुन्हा डोळ्याला लावला. दोघं एकमेकांना चिकटलेले. कोणतं खरं?  बाबांनी सांगितलेलं आठवून मी कडं फिरवलं. बाबा साफ झाले, अस्वल धुरकट झालं. थोडं फिरवलं, अस्वलाचे केस दिसू लागले आणि बाबा विरघळले. म्हणजे मध्ये जागा होती. माझ्या जिवात जीव आला.

पण बाबा पुढं सरकत होते. अस्वलही वेचत वेचत इकडेच येत होतं. मी कड्याला हात न लावता पाहत राहिले. बाबांचा शर्ट हळूहळू साफ होत आला. कॉलर दिसली. मानेवरचे केस दिसले. आणि त्यांच्या पलीकडे अस्वलाचा पांढुरका तोंडवळाही तितकाच साफ होता.

दोन्ही एकाच वेळी साफ.

मी ओरडले. पहिल्यांदा नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा आवाज फुटला. "बाबाऽ! अस्वल! अस्वल आहेऽ!"

बाबांनी मागे न पाहता डावा हात हलवला. चूप राहा, असा तो हात होता. बाया बिचकतील आणि फोटो बिघडेल, असं त्यांना वाटलं असणार. डोळा त्यांनी कॅमेऱ्यावरून काढलाच नाही. म्हातारीनं मात्र मान वर केली. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं, आणि अशी किंकाळी फोडली की ती मला आजही ऐकू येते. बाया टोपल्या टाकून पळाल्या. म्हातारी पळाली. बाबा तिथेच उभे, कॅमेरा डोळ्याला लावलेला, आणि आणखी एक पाऊल पुढं.

अस्वल दोन पायांवर उभं राहिलं. पिल्लू पाठीवरून उतरून झाडावर चढलं. त्यानंतर मी लेन्समधून काही पाहिलं नाही. कॅमेरा गळ्यात आपटत होता आणि मी नाला उतरत होते, घसरत होते, उठत होते. पलीकडे गेले तर अस्वल मला मारील हे मला कळत होतं. इतकी भीती मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही, आणि त्या भीतीतही पाय पुढंच पडत होते. ते कसे पडले हे मला सांगता येणार नाही.

पलीकडच्या दरडीवर चढले तेव्हा बाबा खाली पडले होते आणि अस्वल त्यांच्या अंगावर होतं. बाबांनी डावा हात तोंडावर धरला होता. पळालेल्या बाया परत आल्या होत्या. त्यांनी घोळका केला होता आणि सगळ्या मिळून अस्वलावर ओरडत होत्या. कोणी रिकामी टोपली जमिनीवर आपटत होती, कोणी दगड मारत होती. म्हातारीनं पुढं होऊन काठी अस्वलाच्या तोंडावर घातली. एकदा, पुन्हा एकदा. "हो मांगं! हो मांगं मेल्या!" मीही ओरडत होते. काय ओरडत होते आठवत नाही. अस्वलानं मान झटकली, घुरघुरत मागे सरलं, झाडाशी गेलं. पिल्लू सरसर उतरून पाठीला चिकटलं आणि दोघं झुडपांत गेली.

बाबा उठून बसले. डाव्या हाताचं कोपरापासून खाली काही ओळखू येत नव्हतं. खांदा फाटला होता, कपाळावरून रक्त डोळ्यात उतरत होतं. एका बाईनं स्वतःच्या लुगड्याचा पदर टरकन फाडून हात आवळून बांधला. बाबा माझ्याकडे पाहत होते, पण मी त्यांना दिसत होते असं वाटलं नाही.

"लहान होतं व, माय," ते म्हणाले. "एवढुसं दिसत होतं. लई दूर होतं."

म्हणजे त्यांनी ते पाहिलं होतं. अठ्ठावीसमधून पाहिलं होतं, फोटोच्या कोपऱ्यात एक काळा ठिपका, आणि तो जरा मोठा यावा म्हणून ते पुढं जात होते.

बैलगाडीत घालून हिंगणीपर्यंत आणलं. तिथून एका जीपवाल्यानं सेवाग्रामच्या दवाखान्यात पोचवलं. वाटभर त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ते अधूनमधून "लहान होतं" एवढंच म्हणत. त्यांनी बोलणं थांबवलं की मी त्यांना हलवत होते, कारण ते गप्प झाले की मला वाटे, गेले.

ते गेले नाहीत. डॉक्टरांनी हात वाचवला. दोन बोटं मात्र कायमची ताठ राहिली आणि कपाळावर एक व्रण राहिला. पण दवाखान्यातून जे बाबा घरी आले ते निराळेच होते.

पहिल्यांदा ते मला वॉर्डातच कळलं. दुपारची वेळ होती, शेजारच्या खाटेवरच्या रोग्याचा भाऊ उन्हातून आला आणि त्यानं काळी छत्री झटकून मिटली. बाबा किंचाळले. असे किंचाळले की नर्स धावत आली. मी त्यांचा उजवा हात धरला, तो बर्फासारखा गार होता. घरी आल्यावर दुकानातले काळ्या कापडाचे तागे त्यांनी नजरेआड ठेवायला लावले. कुत्रं भुंकलं की दचकत. मागच्या अंगणात एकटे जायचे नाहीत. "जरा चाल ना व माह्यासंगं," असं ते मला हळूच, आईला ऐकू जाणार नाही असं म्हणत, आणि मी जाई.

त्या दिवसांत मी जितकी घाबरले तितकी त्या नाल्यावरही घाबरले नसेन. बाबा भीत नाहीत, या एका गोष्टीच्या भरवशावर मी लहानपणापासून खुशाल भीत आले होते. आता घरात भरवशाचं कोणी उरलं नव्हतं. जिन्यातला दिवा गेला तर हाक कोणाला मारायची?

बाबांचा कॅमेरा त्या गावच्या शेतकऱ्यानं आणून दिला. कोपरा चेपला होता, लेन्सची काच तडकली होती, पण रीळ आत होतं. बाबांनी ते स्टुडिओत द्यायला सांगितलं. मला ते धुवूच नये असं वाटत होतं, तरी मी गेले. स्टुडिओवाल्यानं मोठा फोटो करून समोर ठेवला.

सुरेख फोटो होता. कडेची झाडं आत कललेली, वर मोठं आभाळ, वाकलेल्या बाया, म्हातारीची टोपली अगदी पुढ्यात, त्यातलं एक एक फूल मोजता येईल असं. सगळीकडे ऐसपैस, निवांत जागा.

"मस्त आला आहे," स्टुडिओवाला म्हणाला. "फक्त इथी हा डाग आहे पाहा. काढून टाकू का? ब्रशनं जाऊन जाईन."

झाडाच्या बुंध्याशी तिळाएवढा काळा ठिपका होता.

"राहू द्या," मी म्हटलं. 

बाबांनी तो फोटो खिडकीजवळ नेऊन पाहिला. पुष्कळ वेळ पाहिला. "पाह्य," ते मला म्हणाले. "एवढंच होतं का नाई? तूच सांग." त्यांच्या आवाजात विनवणी होती. आपण वेडेपणा केला नाही, आपल्याला तसंच दिसत होतं, एवढं कोणीतरी म्हणावं असं त्यांना वाटत होतं.

"हो बाबा, एवढंच होतं," मी म्हटलं. मला ते केवढं दिसलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्यानंतर कित्येक महिने कॅमेरे कपाटात राहिले. दिवाळीच्या सुमारास एका रविवारी बाबांनी आपणहून जुना कॅमेरा काढला, त्याची दोनशे काढून पन्नास लावली आणि गच्चीवर गेले. मीही गेले. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि लगेच खाली घेतला. पुन्हा लावला, पुन्हा खाली. कपाळावर घाम आला होता.

"काय झालं बाबा?"

"एक डोळा मिटला का वाटते, कोणी येऊन राह्यलं."

 मी जाऊन त्यांच्या पाठीला पाठ लावून उभी राहिले.

"मी इकडे पाहून राह्यली," मी म्हटलं. "तुमी घ्या फोटो."

त्यांची पाठ माझ्या पाठीला लागून थरथरत होती. माझीही थरथरत असेल. माझ्यासमोर पाण्याची टाकी, वाळत घातलेल्या चादरी आणि शेजाऱ्यांची रिकामी गच्ची, एवढंच होतं, तरी मी डोळे फाडून पाहत राहिले. बऱ्याच वेळानं खट् असा आवाज आला. त्यांनी काय काढलं होतं ते मी विचारलंही नाही.

मग आम्ही असेच फोटो काढू लागलो. देवळासमोर, रेल्वे फाटकाजवळ, धाम नदीच्या काठी. लोक पाहत. बापलेक पाठीला पाठ लावून उभे आहेत, काय प्रकार आहे, असं त्यांना वाटत असेल. अठ्ठावीसची लेन्स बाबांनी पुन्हा घेतली नाही. दोनशेची मीच वापरत होते, पण त्यातून काही पाहिलं की एकदा कॅमेरा खाली करून नुसत्या डोळ्यांनी पाहायची सवय मला लागली. अजून आहे.

पुढल्या चैत्रात बाबा म्हणाले, "त्या बायाले भेटाले पाह्यजे." आईनं कपाळाला हात लावला. मला रात्रभर झोप आली नाही, पण या वेळी त्यांना एकटं सोडण्याचा प्रश्नच नव्हता.

भर दुपारी गेलो. बाया शेतकऱ्याच्या अंगणात जमल्या. म्हातारी बाबांचा हात उलटसुलट करून पाहू लागली. ताठ बोटं तिनं वाकवून पाहिली, ती वाकली नाहीत.

"काऊन आले परत?" ती म्हणाली. "अस्वलाले भेटाले?"

बाया हसल्या. बाबाही हसले, पण नजर कुंपणाकडे होती. मग ते म्हणाले की ती जागा पुन्हा पाहायची आहे. मी त्यांचा सदरा धरला. तरी सगळ्या बाया उठल्या आणि आम्हाला मध्ये घेऊन निघाल्या. नाल्याच्या अलीकडे बाबांचे पाय थांबले. पलीकडे ती झाडं होती, ऊन होतं, काळी जमीन होती. त्यांनी दोनदा पाऊल उचललं आणि दोनदा तिथेच ठेवलं. मग ते दरडीवर खाली बसले. मी त्यांच्याजवळ बसले. आमचं पाहून बायाही बसल्या, जसं काही इथवरच यायचं ठरलं होतं.

"पलीकडे नाई जात," बाबा म्हणाले.

"नका जाऊ," म्हातारी म्हणाली. "इथं काय वाईट आहे?"

बाबांनी कॅमेरा काढून माझ्या हातात दिला. तिथे तो डोळ्याला लावायचा धीर त्यांना होत नव्हता. मी बायांचा आणि मध्ये बसलेल्या बाबांचा फोटो काढला, पन्नासनं, चार पावलांवरून. काढताना माझी पाठ उघडी होती आणि मागे झुडपं होती. मी एकदा वळून पाहिलं, मग दुसऱ्यांदा, आणि दुसऱ्यांदा वळले तेव्हा बायांमधली एक तरणी बाई उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली होती, झुडपांकडे तोंड करून. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

संध्याकाळच्या एसटीत गर्दी होती. बाबांना खिडकीजवळ जागा मिळाली. सेलू यायच्या आत ते झोपी गेले, तोंड किंचित उघडं, ताठ बोटांचा हात मांडीवर. त्या प्रसंगानंतर चारचौघांत त्यांना झोप लागलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. माझ्या बाजूचा माणूस मला तिकिटावरचं काहीतरी विचारत होता. मी त्याला खुणेनंच हळू बोला म्हटलं आणि खिडकीबाहेर, रस्त्याच्या कडेच्या काळपट होत चाललेल्या झाडांवर, लक्ष ठेवून बसले.